सीमांतपूजनाची बस

मुलीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी मला व्हॉट्सअॅपवर आली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. यादी तिनेच केली होती आणि चांगली केली होती. दुबई-शारजाची माणसं हिरव्या रंगात, अबू धाबीची निळ्या रंगात. हिरव्यांनी आपापलं दुबईतल्या हॉलवर यायचं. निळ्यांसाठी एक बस, कारण मुलाकडचं सगळं वऱ्हाड अबू धाबीचं. बस सव्वाआठला अबू धाबीतल्या शाबियाहून निघणार, साडेदहापर्यंत हॉलवर, आणि अकराला सीमांतपूजन. मी निळी नावं वाचत गेलो. मुलाचे काका, मुलाची आत्या, मुलाच्या वडिलांच्या मसाल्याच्या दुकानातली तीन माणसं, आणि सतरा नंबरला ‘बाबा, शाबिया, एक सीट’.

आधी वाटलं, हा मुलाचा बाबा असेल. पण तो एक नंबरला होता. सतरा नंबरचा बाबा मीच होतो.

मुलीचा बाप वराच्या वऱ्हाडातून येणार, असं त्या यादीचं म्हणणं होतं. मी डबा झाकून ठेवला.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी इकडच्या हद्दी सांगाव्या लागतील, आणि तो माझा धंदाच आहे. अबू धाबीतल्या एका कन्सल्टन्सीच्या नकाशा विभागात मी बावीस वर्षं रेघा ओढल्या. गावी गेलो की लोक दुबई हाच देश समजायचे आणि अबू धाबी म्हणजे दुबईतला एखादा भाग. पहिले दोन दिवस मी चिडून दुरुस्त करत असे, मग नाद सोडून देत असे. खरं तर साताऱ्याकडच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. तिसरीला आम्हाला जिल्ह्याचा भूगोल होता. सातारा शहर सातारा तालुक्यात, सातारा तालुका सातारा जिल्ह्यात. मी स्वतः खटाव तालुक्यातला, पण पुण्यात कुणी विचारलं की ‘साताऱ्याचा’ म्हणून मोकळा. इथेही तसंच आहे. अबू धाबी नावाचं शहर, देशाची राजधानी, मूळचं एका बेटावर वसलेलं. आणि अबू धाबी नावाचीच अमिरात, म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्हा म्हणा, जिच्यात देशाची बहुतेक सगळी जमीन येते. नकाशा टेबलावर पसरला तर राजधानी समुद्राच्या काठाला अंगठ्याखाली झाकेल एवढी, आणि बाकी सगळी वाळू.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी साहेबाला विचारलं होतं, राजधानीची हद्द नेमकी कुठे संपते? तो म्हणाला, “व्हिच इयर?” तेव्हा मला तो उद्धट वाटला. पुढे ती रेघ मीच किती वेळा सरकवली याचा हिशेब नाही. शहर पूल ओलांडून अलीकडच्या जमिनीवर आलं आणि वाळूत पसरत गेलं. माझी खोली शाबियात, पुलाच्या अलीकडे. मी राहायला आलो तेव्हा आमच्या नकाशावर ती शहराच्या रेघेबाहेर होती, काही वर्षांनी आत आली. जागचा न हलता मी राजधानीचा रहिवासी झालो. बायकोला फोन करून सांगितलं तर म्हणाली, “हद्द झाली तुमच्यापुढे. एवढं सरकवताच आहात तर आमच्यापर्यंत आणा की.”

अमिरातीची रेघ मात्र सरकत नाही. ती घंटूत नावाच्या गावाच्या पुढे दुबईच्या रस्त्याला आडवी जाते, आणि तिच्या पलीकडे, दुबईच्याही अगदी दुसऱ्या टोकाला, अल कुसैसमध्ये माझं घर. आमच्या गॅलरीतून शारजाच्या इमारती दिसतात. आधी माझी नोकरीही दुबईतच होती. ती कंपनी बंद पडली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. बायको जवळच्या शाळेत शिकवत होती आणि मुलीलाही तिथेच घेतलं होतं. मला राजधानीत नोकरी मिळाली. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं आम्ही ठरवलं. त्या दोन वर्षांची बावीस झाली. त्यात भांडण नव्हतं, मोठं काही कारणही नव्हतं. दर वर्षी शाळेचं वर्ष सुरू व्हायचं आणि आम्ही पुढच्या वर्षी बघू म्हणायचो.

गाडी चालवायच्या परीक्षेत मी चारदा नापास झालो आणि पाचव्यांदा गेलो नाही. त्यामुळे दर आठवड्याला सरकारी बसने दुबईच्या अलीकडच्या टोकाला यायचं, तिथून मेट्रो (ती सुरू होईपर्यंत दुसरी बस), मग मेट्रो बदलून अल कुसैस. खिडकीतून दुबई मरीना जायची, जुमेरा लेक टॉवर्स जायचे, ज्यातल्या एका टॉवरमध्ये पुढे मुलीचंच ऑफिस झालं. दारापासून दारापर्यंत साडेतीन तास. घरी पोचलो की मुलगी आधी लाजायची. थोड्या वेळाने जवळ यायची, आणि पुरती मोकळी व्हायची तोवर माझी निघायची वेळ झालेली असायची. हे मला फार लागायचं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

एका सुट्टीत, ती आठ वर्षांची असेल, शाळेतून देशाचा कोरा नकाशा आला. सात अमिराती रंगवा आणि राजधानी दाखवा. माझ्या आयुष्यात मुलीच्या अभ्यासात मला अक्कल आहे असं सिद्ध करायची ही एकच संधी आली, आणि मी ती सोडली नाही. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं चार तास बसलो. तिला आधी सगळे ठिपके द्यायचे होते, घर, शाळा, आजूबाजूची दुकानं. मी म्हणालो, असं नाही करायचं. आधी हद्द ओढायची, मग माणसं. हद्द पक्की झाली की जो जिथे राहतो तो तिथे, मग तो कोण आहे ते बघायचं नाही. तिने हिरव्या रंगाने दुबई भरली, निळ्याने अबू धाबी. अल कुसैसवर दोन ठिपके दिले, “आई अँड मी”. मग निळ्या भागात, राजधानीच्या जरा बाहेर, एक ठिपका दिला आणि लिहिलं, ‘बाबा’. ठिपका अगदी बरोबर जागी होता. मी तिला शाबासकी दिली.

तर यादी करताना तिने मी शिकवलं तेच केलं. आधी हद्द ओढली, मग माणसं टाकली.

अमिरातीच्या त्या रेघेची आणखी एक आठवण आहे. कोरोनाच्या दिवसांत तिच्यावर खरोखरच पोलिसांची चौकी आली. जी मी कागदावर तुटक-तुटक काढत होतो तिथे तंबू, दिवे आणि गाड्यांची रांग. कित्येक महिने मी इकडे आणि त्या दोघी तिकडे. मुलीचा एकविसावा वाढदिवस मी फोनच्या पडद्यावर पाहिला. तिच्या मामाने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, केक धरला होता. तो त्यांच्याच इमारतीत राहतो. शाळेच्या मीटिंगा, दवाखाना, सायकल शिकवणं, सगळं त्यानेच केलं. माणूस चांगला आहे. मला त्याचा हेवा वाटायचा.

सीमांतपूजन म्हणजे काय हे मुलीने लग्नाच्या दोन महिने आधी मला फोनवर विचारलं होतं. मी खुलून सांगितलं. पूर्वी वराकडचे लोक गावाच्या शिवेवर येऊन थांबायचे. मुलीचा बाप शिवेपर्यंत जायचा, जावयाचे पाय धुवायचा, व्याह्याला भेटायचा आणि मग सगळ्यांना गावात आणायचा. आता हॉलच्या दारात करतात.

“सो द फादर हॅज टू गो टू द बॉर्डर,” ती म्हणाली.

“हो.”

“दॅट्स ईझी. यू गो एव्हरी वीक.”

आम्ही दोघं हसलो. मी त्या दिवसापासून सीमांतपूजनाची वाट बघत होतो हे मात्र तिला माहीत नव्हतं. लग्नातलं बाकीचं सगळं तिने, आईने आणि मामाने केलं होतं. हॉल, जेवण, भटजी, सगळं. एवढं एकच काम असं होतं की ज्याला बापच लागतो.

म्हणून ती यादी बघून मी गप्प बसलो. चूक सांगितली असती तर तिने अर्ध्या मिनिटात रंग बदलला असता. पण मला ते सांगायचं नव्हतं, तिच्या लक्षात यायला हवं होतं. साठीला आलेल्या माणसाने असा रुसवा धरावा हे शोभत नाही, हे मलाही कळत होतं. तिचा फोन आला.

“बाबा, लिस्ट बघितली? ऑल ओके?”

“छान झालीय.”

“बस इज कन्व्हीनियंट फॉर यू, ना? खाली उतरायचं अँड दॅट्स इट.”

“हो, एकदम.”

“खलास, देन. फायनल करते.”

बायको मात्र ओळखून होती. “अहो, शुक्रवारीच या. मेंदी आहे संध्याकाळी.”

“शुक्रवारी सबमिशन आहे.”

“या महिन्यात रिटायर होणाऱ्या माणसाला कसलं सबमिशन? दुसऱ्या कुणाला द्या.”

“लिस्टमध्ये माझं नाव बसमध्ये आहे,” मी म्हणालो. “बसनेच येतो.”

ती म्हणाली, “तिला सांगू का मी?”

“अजिबात सांगायचं नाही.”

शनिवारी सकाळी मी नवा कुर्ता घालून, हातात पिशवी घेऊन खाली उतरलो. पिशवीत जावयासाठी घेतलेला पोशाख आणि दोन नारळ होते. बस माझ्या इमारतीच्या समोरच उभी होती आणि वऱ्हाड बेटावरून, पूल ओलांडून, आपापल्या गाड्यांनी तिथपर्यंत येत होतं. नवरा मुलगा आणि त्याचे आईवडील सजवलेल्या गाडीतून वेगळे पुढे गेले होते. बसमध्ये मला कुणी ओळखत नव्हतं. साखरपुडा घरच्या पंधरा माणसांत झाला होता. मी सतरा नंबरवर बसलो. पठाण ड्रायव्हर दोनदा “यल्ला, यल्ला” अशी घाई करून शेवटी निघाला.

शेजारी मुलाचे एक काका होते. त्यांची कुरकुर चालू होती. “बस आमच्या दारातून सुटली असती की. आम्ही चाळीस माणसं बेटावर राहतो आणि चढायला शाबियात यायचं. मुलीने हट्टच धरला म्हणे. कुणी एक वयस्कर गृहस्थ इथे राहतात, त्यांना दोन-दोन मेट्रो बदलत यायला नको म्हणून पिकअप इथूनच पाहिजे. चाळीस लोगों का टाइम वेस्ट, एका माणसासाठी.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. रागाने भरून आणलेलं मन तिथेच निम्मं रिकामं झालं. ती मला विसरली नव्हती. तिने माझी काळजीच घेतली होती, एखाद्या लांबच्या वयस्कर पाहुण्याची घ्यावी तशी. मला कुठून न्यायचं ते तिने ठरवलं होतं, मी कुठे उभा राहणार ते तिच्या मनातच आलं नव्हतं. यातलं अधिक वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“आपण मुलाकडचे कोण?” काकांनी विचारलं.

“मी मुलीचा बाप.”

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. पुढच्या सीटवरच्या आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं आणि ही बातमी सीटमागून सीट पुढे जात ड्रायव्हरपर्यंत गेली. त्यानंतर मला चहा मिळाला, खिडकीचा पडदा सारून मिळाला, पाठीला उशी मिळाली. घंटूत मागे पडलं, रस्त्याचा रंग बदलला, आणि ज्या जागी माझी रेघ आडवी जाते तिथे मी सवयीने घड्याळ पाहिलं. आत्ता या घटकेला इथे उतरून, रस्त्याच्या कडेला वळून उभं राहायला हवं, असं मला वाटलं. मुलीच्या बापाची जागा ती होती. बस एकशेवीसच्या वेगाने पुढे गेली.

हॉलच्या दारात रांगोळीचा जाड पट्टा काढला होता. पलीकडे आमची माणसं, अलीकडे वऱ्हाड. नवरा मुलगा पाटावर बसला होता. बायको तबक घेऊन उभी होती, तिचा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन. मी वऱ्हाडाच्या मध्यात, पिशवी छातीशी धरून. भटजींनी पुढे पाहत हाक दिली, “मुलीचे वडील या.”

माझे पाय हलले नाहीत. पाच पावलांचं अंतर होतं. बायकोची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली आणि तिने मान हलवून बोलावलं. तिचा भाऊ म्हणाला, “दाजी, या की.” तरी मी उभाच. एवढ्यात मुलगी बाहेर आली. सीमांतपूजनाला नवरीने आत थांबायचं असतं हे तिला आईने दहा वेळा सांगितलं असणार. पण बसमधली माणसं मोजून घेतल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. नऊवारीत, हातात फोन, ओठांत आकडे पुटपुटत ती एकेकाकडे पाहत होती, आणि पाहता पाहता माझ्यापाशी आली.

“बाबा? व्हाय आर यू ऑन दॅट साइड?”

तिने खरोखर विचारलं होतं. तिला कळत नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बावीस वर्षांचं होतं, पण मी एवढंच म्हणालो, “बसने आलो.”

तिने फोनकडे पाहिलं. अंगठा वर सरकवला. सतरा नंबरपाशी तो थांबलेला मला दिसला. तिचा चेहरा उतरला, आणि इतक्या दिवसांचा माझा हट्ट कुठल्या कुठे गेला. हे तिच्या लक्षात यावं म्हणून मी एवढं सगळं केलं होतं, आणि आता ते लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

“आय पुट यू देअर,” ती म्हणाली. मग नऊवारी सावरत रांगोळीवरून इकडे आली, माझ्या हातातली पिशवी घेतली, मला दंडाला धरलं आणि पलीकडे नेऊन आईच्या शेजारी उभं केलं. रांगोळी फिसकटली. भटजींनी तिच्याकडे पाहून कपाळाला आठी घातली.

“झाली का हौस?” बायको हळूच म्हणाली.

मी जावयाचे पाय धुतले, पोशाख दिला. व्याहीभेटीला व्याह्यांनी मला घट्ट मिठी मारली आणि मोठ्याने म्हणाले, “बसमध्ये होतात म्हणे. मला सांगितलं असतंत तर मी पण त्याच बसने आलो असतो.” सगळे हसले, मीही हसलो. मुलगी हसली नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाच वाजता नवरा-नवरी निघाले. मुलगी गाडीत बसताना आईला बिलगून रडली, मामाला बिलगून रडली. माझ्यापाशी आली तेव्हा तिचं रडणं आटपलं होतं. म्हणाली, “आता मी अबू धाबीत, बाबा. सेम सिटी. रोज भेटू.” मागोमाग बस सुटली. खिडकीतून सकाळचे काका ओरडले, “अहो व्याही, सीट ठेवलीय तुमची, चला.” मी हात हलवला. सतरा नंबर रिकामा गेला.

माझ्या नोकरीचे शेवटचे दोन आठवडे उरले होते. त्यातला एक आठवडा ती दोघं जॉर्जियाला होती. दुसऱ्या आठवड्यात ती रोज “आज पक्का” म्हणायची आणि रोज काहीतरी निघायचं. नव्या घरातली माणसं, नवं ऑफिस, तिचंही काही चुकत नव्हतं. गुरुवारी दुपारी आली. शाबियात पार्किंग मिळणं म्हणजे नशीब लागतं, ते मिळालं नाही. मग मीच खाली जाऊन तिच्या गाडीत बसलो. तिने सासरहून आणलेला डबा दिला. आम्ही एसी चालू ठेवून गाडीतच वीसेक मिनिटं बसलो.

“विच विंडो इज युअर्स?” तिने विचारलं.

मी दाखवली, तिसऱ्या मजल्यावरची, पत्र्याच्या पाण्याच्या टाकीशेजारची. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. बावीस वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. दर वेळी मीच जायचो. मागून कुणीतरी हॉर्न द्यायला लागलं तेव्हा मी उतरलो.

शनिवारी मी खोलीची किल्ली दिली आणि दोन बॅगा घेऊन कायमचा अल कुसैसला आलो. मुलीची खोली मला मिळाली आहे. बायको म्हणते, आता तरी घरात बसा. मी बसतो. ती शाळेत गेल्यावर दुपारी घर फार शांत असतं. शाबियातल्या खोलीतही असंच शांत असायचं, पण तिथे असताना या घरात माझी कुणी वाट पाहत आहे अशी माझी समजूत होती.

परवा मुलीने नवी यादी पाठवली. लग्नाच्या फोटोंचे अल्बम तयार झालेत, कुठला कुणाला पोचवायचा त्याची. पुन्हा हिरवा आणि निळा. हिरव्यात पहिल्याच ओळीत, ‘आई-बाबा, अल कुसैस, एक अल्बम’. बावीस वर्षांत आम्ही दोघं एका ओळीत पहिल्यांदाच आलो. मग मी निळ्या रंगात उतरलो. बराच खाली, शेवटच्या ओळीत, तिचं स्वतःचं नाव होतं. पुढे नुसतं अबू धाबी नव्हतं, ‘अबू धाबी सिटी’ होतं. अमिरात वेगळी आणि शहर वेगळं, हे तिला नीट लक्षात होतं.

मी चष्मा लावून सगळी यादी वरपासून खालपर्यंत तपासली. बायको चहा घेऊन आली.

“काही चुकलंय का?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “या वेळी सगळे आपापल्या जागी आहेत.”